लूज कुठे आहे?

पुण्याच्या बायपासवर वारज्याला मुठा नदीवरचा पूल लागतो. पुलाच्या जॉइंटवरून गाडी गेली की 'धप' असा आवाज येतो आणि आपण पुढे जातो. त्या रविवारी 'धप' झालं आणि जिप्सीचं स्टेअरिंग माझ्या हातातून सुटलं.

म्हणजे मी ते सोडलं नव्हतं. ते डावी-उजवीकडे इतक्या जोरात हलायला लागलं की धरून ठेवणंच अशक्य झालं. अंगठा आतल्या दांडीवर आपटून सुजला. बॉनेट, आरसे, सीट, सगळंच थडथडत होतं. वेग सत्तरच्या आसपास, मागे एक ट्रक हॉर्न देतोय, शेजारी माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि मागच्या सीटवर त्याची सहा वर्षांची मुलगी. हळूहळू ब्रेक दाबत वेग तीसच्या खाली आणला, तेव्हा ते जसं अचानक सुरू झालं तसंच अचानक थांबलं. गाडी कडेला घेतली. मुलगी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "काका, हे तू मुद्दाम केलंस का?"

मित्र काहीच बोलला नाही. त्याला मी दोनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं, की प्रॉब्लेम होता, पण आता गेला.

गाडी 2010 ची, सेकंडहँड. घेतल्यावर महिन्याभरातच मी ती उचलली, म्हणजे पाट्यांचे मूळ शॅकल काढून दोन इंच लांब शॅकल टाकले. (दोन इंच लांब शॅकलने गाडी साधारण एकच इंच वर जाते. हे मला पैसे दिल्यानंतर कळलं.) वर 235/75 चे मड टायर. मूळ 205/70 च्या टायरपेक्षा हे साडेसहा सेंटिमीटर उंच आणि बरेच जड. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. ऑफरोडिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय निघाला की सगळे हसण्याची इमोजी टाकतात. मीही टाकली होती.

पहिल्यांदा थरथर आली ती पिरंगुटच्या रस्त्यावर, एका खड्ड्यानंतर. दोन सेकंद आली आणि गेली. मी व्हील बॅलन्सिंग करून घेतलं. पुढच्या आठवड्यात परत. अलाइनमेंट केलं. परत. टायर पुढचे मागे, मागचे पुढे. परत. टाय रॉड एंड बदलले, चारच्या चार. महिनाभर शांतता, मग परत.

मी पोटासाठी बग शोधतो. नोकरीत कोणी असं एकामागून एक काहीही बदलत सुटलं असतं, तर रिव्ह्यूमध्ये मीच त्याची सालटी काढली असती. आधी बग हवा तेव्हा घडवून दाखव, मग एका वेळी एकच गोष्ट बदल, हे मी ज्युनिअर पोरांना शिकवतो. आणि स्वतःच्या गाडीपाशी मात्र मी दुकानाच्या काउंटरवर उभा राहून पार्ट विकत घेत होतो.

खरं तर लक्षणातच अर्धं उत्तर होतं. बॅलन्सिंगची थरथर ठरावीक वेगाला येते, समजा ऐंशीला, आणि वेग बदलला की जाते. तिला खड्डा लागत नाही. माझी थरथर गुळगुळीत रस्त्यावर नव्वदलाही यायची नाही. तिला एक धक्का लागायचा आणि एकदा सुरू झाली की ती स्वतःच स्वतःला पोसायची. इंग्रजीत याला डेथ वॉबल म्हणतात. जिप्सीला पुढे सबंध एक्सल आहे. दोन्ही चाकं एकाच दांड्याला आणि टाय रॉडने एकमेकांना बांधलेली. एक चाक वळलं की दुसरं वळतंच. मधल्या सांध्यांत कुठे लूज असेल तर ढकलाढकली चालू राहते, वेग उतरेपर्यंत.

दुसरं कारण आणखी सोपं. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा हा कल म्हणजे कॅस्टर. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. तो लांब केला की पाटा पुढे झुकतो, त्याच्याबरोबर एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. चाकाला सरळ होण्याची ओढ राहत नाही. मॉलमधल्या ट्रॉलीचं एखादं चाक कसं फडफडतं, तसं. म्हणजे गाडी उंच करताना मीच तो कल कमी केला होता आणि वर जड टायर चढवले होते.

हे सगळं मी नंतर समजून घेतलं. त्याआधी मी स्टेअरिंग डॅम्पर घेतला. डॅम्पर म्हणजे स्टेअरिंगचा शॉकअॅब्सॉर्बर. कंपनीचा थकला होता, मी त्याच्या दुप्पट जाड बसवला. थरथर बंद! ट्राय-कॅच टाकून एरर गिळायची आणि टिकिट क्लोज करायचं, तसलाच हा प्रकार. डॅम्परने लूज जात नाही, फक्त हलणं दाबलं जातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हे मला तेव्हाही आतून ठाऊक होतं. पुढच्या रविवारी ताम्हिणीला जायचं ठरलं होतं, मित्राने विचारलं, "गाडी ओके ना? पोरगी आहे बरोबर." मी म्हणालो, "एकदम ओके."

त्या दिवशी त्यांना कॅबमध्ये बसवून दिलं आणि गाडी सर्व्हिस रोडने, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, शिवण्याच्या एका छोट्या गॅरेजात नेली. मिस्त्री साठीचे. मी काय काय बदललं त्याची यादी सांगितली. ते म्हणाले, "पार्ट बरेच घातलेत. लूज कुठे होतं?" मला सांगता येईना.

त्यांनी आधी माझा नवा डॅम्पर सोडला. मग गाडी चाकांवरच उभी ठेवून पोऱ्याला स्टेअरिंगवर बसवलं. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, न थांबता. मला खाली झोपवलं. "बघू नका, हात ठेवा." एकेका सांध्यावर हात ठेवत गेलो. ड्रॅग लिंक एकजीव हलत होती. टाय रॉड एंड घट्ट, मीच तर बदलले होते. डाव्या चाकाच्या आतल्या गोल कवचावर हात ठेवला तर बोटांना बारीकसा 'टक' लागला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. परत टक.

मग चाक जॅकवर घेतलं. वरखाली धरून हलवलं तर प्ले होता. मिस्त्री पोऱ्याला म्हणाले, "ब्रेक दाब." ब्रेक दाबला की डिस्क आणि हब जखडले जातात. लूज व्हील बेअरिंगचं असेल तर ते नाहीसं होतं. ते नाहीसं झालं नाही. म्हणजे किंगपिन. पूर्ण निदानाला वीस मिनिटं लागली, आणि मी चार महिने घालवले होते.

उघडल्यावर खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरच्या रेघा उमटलेल्या होत्या, नखाला लागतील इतक्या. ग्रीसमध्ये गंजाचं लाल पाणी. दोन्ही बाजूंची चारही बेअरिंग बदलली. शिम बसवताना मिस्त्रींनी भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढून पाहिलं, किती ओढल्यावर सांधा वळायला लागतो ते. एक शिम काढली, परत ओढलं. तीनदा. मी विचारलं, अंदाजाने घट्ट केलं तर? ते म्हणाले, "अंदाजानेच तर इथवर आलात."

शॅकल मी मूळचे टाकायला सांगितले. टायरही उतरवले. जिप्सी आता शेजारच्या एसयूव्हीपुढे बुटकी दिसते. डॅम्पर कंपनीचाच, नवा. पण पहिली चाचणी मिस्त्रींनी डॅम्परशिवाय घ्यायला लावली, मोकळ्या रस्त्यावर, आधी चाळीसला, मग पन्नासला. तो नसतानाही थरथर आली नाही.

मित्राला रेघा पडलेल्या बेअरिंगचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, की त्या दिवशी 'ओके' म्हणालो तेव्हा मला खात्री नव्हती. दोन निळ्या टिक आल्या आणि दोन दिवस काहीच नाही. मग उत्तर आलं, "त्या पुलावरून आधी दहा वेळा एकटा जाऊन ये. मग बघू."

काल सातव्यांदा गेलो. अंगठे स्टेअरिंगच्या बाहेर, वेग सत्तर. धप. गाडी सरळ गेली. अजून तीन राहिलेत.