जिन्याखालचा सोबती

गृहनिर्माण संस्थेच्या प्रवेशद्वाराशी एक काळा फळा असतो. जिन्यात सायकली ठेवू नयेत, कुंड्यांचे पाणी खाली सांडू नये, दुपारी मुलांनी आवारात खेळू नये आणि शेवटी, जरा ठळक अक्षरांत, पाळीव प्राणी आणू नयेत. मोठी माणसे हा फळा वाचत नाहीत. नुकतीच वाचायला शिकलेली मुले मात्र तो अक्षर लावून वाचतात आणि तीच मुले एखाद्या पावसाळी संध्याकाळी दप्तरात कुत्र्याचे पिल्लू लपवून आणतात.

मग जिन्याखालची ती अंधारी जागा, जिथे पाण्याचा पंप आणि रंगाचे रिकामे डबे पडलेले असतात, एकाएकी गजबजून जाते. एका घरातून गोणपाट येते, दुसऱ्यातून दुधाची वाटी. पिल्लाला नाव मिळते आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. बिननावाचे पिल्लू हाकलता येते. मोतीला हाकलणे अवघड असते. पहारेकरी सारे पाहतो. त्याला गावाकडचे अंगण आठवते की काय कोण जाणे, पण तो काही बोलत नाही.

जेवणापूर्वी गाईचा घास काढावा, दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घालावा, ही रीत जुन्या घरांत कोणी शिकवावी लागत नसे. कुत्रा कोरडी पोळी घेऊन पळाला, तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या संत नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते. तीच कथा मुलांना सांगणारी आई संध्याकाळी म्हणते, "आधी ते पिल्लू बाहेर सोडून ये!" तिचेही अगदीच चुकत नाही. घर दोन खोल्यांचे, आजी गुडघ्याने अधू, आणि मुले शाळेत गेल्यावर पिल्लाचे सारे तिलाच करावे लागणार.

संस्थेच्या सभेत हा विषय निघाला की आवाज चढतात. कोणाच्या नातवाला पूर्वी कुत्रा चावलेला असतो. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणूनच लस टोचणे हा लाडाचा नव्हे, जबाबदारीचा भाग ठरतो.

मात्र फळ्यावरची ती शेवटची ओळ कायद्याला धरून नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या अनुच्छेद ५१क मध्ये आले. बहुमताने ठराव केला तरी संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. मोतीसारख्या बेवारशी जिवांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत. अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा संस्थेने ठरवावी. ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून आणि प्रवेशद्वारापासून दूर असावी, असे ते नियम सांगतात. म्हणजे जिन्याखालचा संसार कायद्यालाही मान्य नाही! मुलांना हे सांगणे सभेतल्या वडीलधाऱ्यांना जड जाते.

मुले सभेच्या दाराशी उभी असतात. वहीच्या फाडलेल्या पानावर त्यांनी अर्ज लिहिलेला असतो: लस टोचून आणू, गळ्यात पट्टा बांधू, घाण झाली तर आम्हीच काढू, वाटी पाण्याच्या टाकीमागे ठेवू. खाली सात सह्या, त्यांतली एक नुसतेच पहिले अक्षर. चिटणीस चष्मा लावून तो वाचतात, 'लसिकरण' हा शब्द खोडून 'लसीकरण' असा करतात आणि कागद फायलीत लावून ठेवतात. निर्णय पुढच्या सभेवर जातो.

त्या रात्री पाऊस असतो. टाकीमागे आडोसा नाही, म्हणून वाटी आणखी एक दिवस जिन्याखालीच राहते.