शिट्टी थांबल्यावर

जळगावजवळच्या एका गावचे माजी सैनिक माझ्याकडे गुडघेदुखीसाठी आले होते. सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत निवृत्त झालेले. फौज सोडताना वजन ६८ किलो, माझ्या काट्यावर ९१. उपाशीपोटी साखर १४२. मी छापील आहारतक्ता हातात ठेवला. त्यात ओट्स, सॅलड आणि 'तळलेले वर्ज्य'. "ठीक आहे सर," म्हणून ते गेले आणि आठ महिने फिरकले नाहीत.

परत आले तेव्हा वजन ९४ होतं. "सर, तो कागद घरी दाखवलाच नाही. मंडळी म्हणाली असती, आता ओट्स कुठून आणू?"

चूक माझी होती. सैन्यात यांचं वजन आटोक्यात राहिलं ते पहाटेची शिट्टी, पीटी, पाच किलोमीटरची धाव आणि लंगरच्या ठरलेल्या वेळांमुळे. शिस्त माणसात असते असं आपण समजतो. बरीचशी ती भोवतालात असते. निवृत्तीनंतर शिट्टी थांबली, ताट मात्र लंगरचंच राहिलं. त्यात बँकेबाहेर खुर्चीवर बसून रात्रपाळी, सकाळी घरी येऊन जेवण आणि झोप. शिवाय आपलं खानदेशी कौतुक: शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत-पुरी, आणि "फौजी आहे, खाऊ दे."

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी २००६ पासून 'मूव्ह' नावाचा कार्यक्रम देशभर चालतो. त्यात भर असतो सवयींवर: खाल्लेलं लिहून ठेवणं, नियमित वजन करणं, छोटं उद्दिष्ट ठरवणं, गटात भेटणं. ही पद्धत पोकळ नाही. तिथल्याच २००२ च्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं उद्दिष्ट दिलं, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे चेन्नईच्या अभ्यासातही फायदा दिसला, पण कमी, सुमारे २८ टक्के. यांची साखर तो उंबरठा ओलांडून गेली होती, म्हणून गोळी सुरू केली. पण वजन घटल्याचा फायदा मधुमेह झाल्यावरही होतोच.

मग आम्ही तक्ता फाडला. पुढच्या वेळी वहिनींना सोबत बोलावलं, कारण तेलाची बरणी त्यांच्या हातात. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, हे ऐकून त्याच म्हणाल्या, "मग भाजीवरची तर्री काढते." भाकरी कळण्याचीच ठेवली, चारच्या जागी दोन. शेव आठवड्यातून एकदा, वाटीत मोजून. ड्यूटीवर दर तासाला दहा मिनिटं फेरी. गुडघा दुखेल म्हणून धावणं नाही. दर सोमवारी वजन, वहीत नोंद. आणखी दोन निवृत्त मित्र त्यांनीच गोळा केले. तिघं एकमेकांच्या वह्या तपासतात, आणि माझ्यापेक्षा कडक आहेत.

(मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण अचानक कमी करू नका, साखर फार खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा.)

वर्षभरात ते ८६ वर आले. आपल्या निकषाप्रमाणे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी; यांची अजून ९८ आहे. मागच्या महिन्यात धुळ्याला भाचीचं लग्न झालं आणि दोन किलो वाढले. पूर्वी असं झालं की ते दवाखाना टाळायचे. या सोमवारी वही घेऊन वेळेवर हजर होते, आणि वाढलेला आकडा त्यांनीच लाल पेनाने लिहिला होता.