युग पालटताना

'सिव्हिलायझेशन' या व्हिडिओ गेमच्या नव्या भागात गाव वसवायला निघालं की नकाशावरची षटकोनी घरं उजळू लागतात. गोडं पाणी जवळ असलेल्या घरांचा रंग वेगळा. पाण्यापासून लांब वसवलंत तर रहिवासी नाराज राहतील, हे खेळ आधीच बजावून ठेवतो. मी लातूरचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी भरलेली रेल्वे आमच्याकडे आली, तेव्हा मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. त्यामुळे त्या उजळलेल्या घरांपुढे मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. इथे घाई नसते. आपण पाळी संपवेपर्यंत घोडे, नावा, शेजारचे राजे, सगळे जिथल्या तिथे उभे असतात. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळांवर माझा जीव आहे तो याच थांबण्यासाठी.

सिड मायर यांनी 1991 साली सुरू केलेल्या या मालिकेतला सातवा खेळ 11 फेब्रुवारी 2025 रोजी आला. पहिल्या डावाला मी अशोक घेतला आणि मौर्य. काय देखणं केलंय सगळं! मोठ्या नद्यांतून आता नावा चालवता येतात. पात्राच्या कडेने वस्ती वाढत गेली तेव्हा मला नांदेडची गोदावरी आठवत राहिली; नदीकडे तोंड करून बसलेली गावं लांबून अशीच दिसतात. धर्मशाळा आणि विहार एकाच घरात बांधले की दोन्ही मिळून मठ होतो. कॅमेरा खाली आणून मी त्या मठाची छपरं एकेक करून पाहिली. पूर येतो, बांधलेलं मोडतो आणि जाताना जमीन कसदार करून जातो. नदीकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण मन गुंतलं ते युग पालटताना. या मालिकेत इतकी वर्षं एकच लोकसमूह घेऊन आदिकाळापासून थेट अंतराळयुगापर्यंत जायचं असे. आता तीन युगं आहेत आणि प्रत्येक युगाच्या उंबरठ्यावर आपले लोक बदलतात. काल मौर्य होतो, आज चोळ, पुढे मुघल. राजधानी टिकते, बरीचशी शहरं पुन्हा साधी गावं होतात, जुन्या इमारती उभ्या असतात पण त्यांचा रुबाब ओसरलेला असतो. मागच्या लोकांच्या काही परंपरा मात्र पत्त्यांसारख्या हातात राहतात आणि नव्या राजवटीतही लावता येतात. अनेक जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही. आपण उभं केलेलं कुणी हिसकावून घेतल्यासारखं त्यांना वाटतं. मला मात्र ही सातव्या खेळातली सगळ्यांत खरी गोष्ट वाटते. मराठवाड्यात इतिहास असाच घडला आहे.

कंधारला जाऊन पाहावं. राष्ट्रकूटांचं हे नगर, त्यांच्या काळातलं जगत्तुंग सागर तळं, मानसपुरीजवळ सापडलेले क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे दगडी तुकडे. आणि त्याच गावात खंदकाने वेढलेला किल्ला, त्यावर फारसी शिलालेख. बहामनी आले, निजामशाही आली, मुघल आले, हैदराबादचे निजाम आले. प्रत्येकाने आधीच्याच चिऱ्यांवर आपला चिरा बसवला.

माझ्या आजीने तर घर न बदलता राज्यं बदललेली पाहिली. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाची रयत, 1956 मध्ये मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र, आणि 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळं झालं. जुन्या जमिनीची किंमत ती शेवटपर्यंत निजामाच्या हाली रुपयांत सांगायची. तो सिक्का केव्हाच बंद झाला होता, तिचा हिशेब चालू होता. 

एक गोष्ट मात्र खेळात उलटी आहे. तिथे राजा तोच राहतो आणि लोकांचं नाव बदलतं. तीन युगं अशोकच सिंहासनावर. आमच्याकडे राजे गेले, कुणबी, साळी, कोष्टी राहिले. राजाऐवजी एखादं गाव हाती घेऊन तिन्ही युगं पार करता आली असती तर मी रात्रीचा दिवस केला असता.

आणि दख्खन कुठे आहे? खेळाच्या पहिल्या यादीत मौर्य आहेत, चोळ आहेत, मुघल आहेत. सातवाहन, राष्ट्रकूट, यादव, मराठे नाहीत. उत्तरेतून निघालेला डाव थेट कावेरीवर उतरतो, गोदावरी मध्येच राहून जाते. स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवणाऱ्या राष्ट्रकूटांचं मूळ गाव आमचं लातूर, म्हणून हे जास्तच लागतं.

राष्ट्रकूटांना खेळाच्या दुसऱ्या युगात आणावं. तळी बांधण्यात त्यांचा हात कुणी धरू नये. वेरूळचं कैलास लेणं हे त्यांचं 'आश्चर्य', म्हणजे खेळातली भव्य वास्तू, असावं. मात्र इतर आश्चर्यं जमिनीवरून वर चढतात, हे डोंगराच्या घरावरच सुरू व्हावं आणि पाळीगणिक शिखरापासून खाली कोरत यावं. राजधानी मान्यखेटला हलवायची मुभा असावी. आणि राष्ट्रकूट खेळलेल्याला तिसऱ्या युगात मराठे निवडता यावेत, तळ्यांची परंपरा हातात शिल्लक ठेवून.