विंध्यगिरीवरील आकार

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात श्रवणबेळगोळ जवळ येऊ लागले, की प्रथम दिसतो तो उघड्या खडकाचा गोलसर विंध्यगिरी आणि त्याच्या माथ्यावरचा एक उभा ठिपका. अंतर सरते तसतसे त्या ठिपक्याला मस्तक येते, खांदे येतात. डोळे, ओठ अजून दिसत नसतात, तरी यात्रेकरूंच्या गाडीत जयजयकार उठतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजची 28 फुटी संगमरवरी मूर्ती पाहत वाढलेली मुलेही क्षणात ओळखतात, की हे बाहुबली. तपशिलावाचून केवळ बाह्यरेषेवरून ओळख पटणे, हेच आकाराचे सामर्थ्य होय.

सुमारे साडेसहाशे पायऱ्या अनवाणी चढून गेल्यावर चौकात जो तो उंची विचारतो. सुमारे 57 फूट, हे उत्तर मिळाले की छायाचित्रे निघतात आणि मंडळी उतरू लागतात. व्यापारी घरांत मापाला मान असतो, हे खरेच. परंतु या मूर्तीचे मर्म मापात नाही. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने इ. स. 981 च्या सुमारास ती एकाच ग्रॅनाइट खडकातून घडविली. मांड्यांपर्यंत वारुळांचा आणि वेलींचा आधार आहे; त्यावर मात्र पाषाण मोकळ्या आकाशात निराधार उभा आहे.

त्याच जिल्ह्यात बेलूर आणि हळेबीड आहेत. तेथील होयसळ शिल्पांत दृष्टी एका अलंकारावरून दुसऱ्यावर घसरत राहते आणि अंगाचा आकार दागिन्यांखाली दडतो. येथे वस्त्र नाही, मुकुट नाही, हार नाही. अर्थात शिल्पकाराला चूक झाकण्यासही जागा नाही. गुडघ्यांखालचा भाग प्रमाणाने आखूड असल्याचे काही अभ्यासकांनी नोंदविले आहे. पायांशी उभे राहून वर पाहताना मात्र रुंद खांदेच मनात भरतात.

सर्वांत बोलके आहेत ते बाहू. राज्यासाठी दोघे भाऊ समोरासमोर आले, सैन्याचा संहार टाळून त्यांनी दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध केले, आणि जिंकत असतानाच बाहुबलींना विरक्ती आली. भरताला उचलून धरणारे तेच हात आता देहालगत सरळ खाली सोडलेले आहेत. कंबर आणि बाहू यांच्यामध्ये राहिलेली निमुळती पोकळी नीट पाहावी. चित्रकलेत रेषेच्या आतल्या जागेइतकीच बाहेरची रिकामी जागाही आकार घडविते. ती पोकळी नसती, तर खांद्यांचा विस्तार आणि कंबरेचा बारीकपणा एवढा उठून दिसला नसता. सरळ उभ्या देहावर वेली तेवढ्या वळणे घेतात. त्यांच्या वाकड्या चालीमुळेच देहाची निश्चलता डोळ्यांना कळते.

मूर्तीच्या पायांशी मराठी अक्षरे आहेत. दीर्घकाळ आद्य मराठी लेख म्हणून सांगितली गेलेली ती ओळ ‘श्री चावुंडराजे करवियले’ अशी आहे. तिच्या जोडीची ओळ गंगराजाने सुत्ताले, म्हणजे भोवतीची ओवरी, बांधविल्याचे सांगते. होयसळांच्या या सेनापतीने बाराव्या शतकात बांधलेल्या त्या ओवरीने दुरून दिसणारा आकारच बदलला. आता बाहेरून मूर्तीचा वरचा भाग तेवढा दिसतो. संपूर्ण देह पाहण्यासाठी आत यावे लागते, आणि आत आल्यावर मागे सरकण्यास जागा थोडी उरते.

सुमारे बारा वर्षांनी होणाऱ्या महामस्तकाभिषेकात (मागील 2018 मध्ये झाला) दुधाचा पांढरा, हळदीचा पिवळा, चंदनाचा तांबूस रंग मस्तकावरून ओघळतो. तेवढा वेळ डोळे, केस, ओठ पुसट होतात. उरतो तो केवळ आकार.

समोरच्या चंद्रगिरीवर बहुतेक सहली वेळेअभावी जात नाहीत. वास्तविक तो लहान डोंगर चढण्यास सोपा आहे, तेथील वस्त्या अधिक जुन्या आहेत, आणि मूर्तीचे मुख उत्तरेस, म्हणजे नेमके त्याच्याच दिशेला आहे.