कपाटाचे पॉलिश आणि श्रावकाचा विवेक

घरासाठी लाकडी सामान करून घेताना लाकूड कोणते, मजुरी किती आणि माल केव्हा मिळेल, एवढे आपण आवर्जून विचारतो. त्यावर शेवटचा हात कशाचा फिरणार, हे मात्र बहुधा पॉलिशवाल्यावर सोपवून मोकळे होतो. श्रावकाच्या दृष्टीने विचार करण्याजोगा भाग नेमका तोच असतो.

विक्रोळीत प्लायवूड व हार्डवेअरचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात हा प्रश्न ग्रंथांच्या कपाटाच्या निमित्ताने उभा राहिला. आजींचे आगमग्रंथ, थोकड्यांच्या वह्या, आसन आणि पुंजणी एका ठिकाणी नीट राहावीत, म्हणून नातवाने अमेरिकन चेरीच्या लाकडाचे कपाट करावयाचे ठरविले.

बाजारात ‘चेरी’ म्हटले की गडद लालसर छटा डोळ्यांपुढे येते. पुष्कळदा तो दुसऱ्याच लाकडावर चढविलेला रंग असतो. खरे चेरी ताजे रंधल्यावर फिकट, गुलाबीसर पिंगट दिसते. प्रकाश लागू लागला की काही महिन्यांत ते आपोआप तांबूस आणि गडद होत जाते. मात्र रंग लगेच हवा म्हणून त्यावर स्टेन लावला, तर हे लाकूड तो सगळीकडे सारखा पीत नाही आणि ढगाळ डाग उमटतात. ते टाळण्यासाठी कारागीर आधी चपडीचा पातळ हात देतात. या कारागिरानेही तेच सुचविले: आधी चपडी, मग स्टेन, वरून फ्रेंच पॉलिश.

“चपडी म्हणजे लाखच ना?” आजींनी विचारले.

लाखच. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे रस शोषून राहतात आणि स्वतःभोवती राळेसारखे कवच तयार करतात. त्या फांद्या तोडून, कवच खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे करतात, तीच चपडी. ती स्पिरिटमध्ये विरघळविली की फ्रेंच पॉलिश होते. खरवडताना त्या कवचात किडेही असतात, अंडीही असतात. धुण्याच्या पाण्याला येणारा लाल रंग त्या जीवांच्याच शरीराचा असतो. झारखंडसारख्या प्रदेशात अनेक आदिवासी कुटुंबांची उपजीविका या लाखेवर चालते, हेही तितकेच खरे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न श्रावकाने काय घ्यावे आणि काय विकावे, एवढाच आहे.

सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने येतात. ‘उपासकदशांग’ सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात ती सांगितली आहेत. त्यांत ‘लक्खवाणिज्जे’, म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्ट शब्दांत आहे. प्रतिक्रमणात आपण तो शब्द उच्चारतो आणि पुढे जातो. ज्या कपाटात ते सूत्र ठेवायचे, त्यालाच लाख फासायची, हे आजींच्या मनाला पटेना.

नातवाने मग वडिलांना विचारले, “बाबा, घरातल्या कपाटाला जे चालत नाही, ते दुकानात कसे चालते?”

दुकानात चपडी वर्षानुवर्षे विकली जात होती. वडील काही वेळ गप्प राहिले. “पाहावे लागेल,” एवढेच ते म्हणाले.

पर्याय शोधू लागल्यावर मात्र प्रत्येक वाटेवर एक कर्मादान उभे दिसले. मेणाचे पॉलिश घ्यावे, तर ते मधमाश्यांच्या पोळ्याचे. दोन भागांचे पीयू चकचकीत व टिकाऊ. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. बंद खोलीत योग्य मास्कशिवाय त्याचा फवारा मारणाऱ्या कारागिराला दमा जडू शकतो. विषवाणिज्यही त्याच पंधरांत आहे. जवसाचे तेल वनस्पतीचे खरे, पण घाण्यात पिळणे हे यंत्रपीडन कर्म! आणि लाकूडतोड? ते तर वनकर्मच.

नातू हताश झाला. आजी म्हणाल्या, “अरे, संसारात निर्दोष काहीच सापडायचे नाही. म्हणून डोळे मिटून घ्यायचे नसतात. जेथे दोष कमी, तेथे पाय ठेवायचा. आणि ज्याची गरजच नाही, ते आधी सोडून द्यायचे.”

गरज नव्हती ती स्टेनची. जे लाकूड स्वतःच तांबूस होणार, त्याला रंग कशाला? स्टेन गेला, म्हणजे त्याखालच्या चपडीचेही कारण उरले नाही. जवसाच्या तेलाचा एकच पातळ हात द्यायचा, ते पूर्ण वाळू द्यायचे आणि वर पाण्यात मिसळणाऱ्या पारदर्शक फिनिशचे हात द्यायचे, असे ठरले. नुसत्या तेलावर विक्रोळीच्या दमट पावसाळ्यात बुरशी धरण्याची भीती असते. आधी उरलेल्या फळीच्या तुकड्यावर नमुना करून पाहिला. काम पावसाळ्यानंतर आणि दिवसाच करून घेतले. कारण रात्री दिव्याकडे झेपावणारे चिलट ओल्या हातावर चिकटून मरते. ब्रश डुकराच्या केसांचा न घेता नायलॉनचा घेतला. तेलाची फडकी बोळे करून कोपऱ्यात टाकली नाहीत. तशी ती आपोआप तापून पेट घेतात. ती उघड्यावर एकेक पसरून वाळविली.

दुकानातील निर्णयाला अधिक दिवस लागले. जुनी गिऱ्हाईके चपडी मागत. नाही म्हटले की दुसऱ्या मालाचीही ऑर्डर जाण्याचा संभव होता. वडिलांनी असलेला साठा संपेपर्यंत विकला, नवा मागविला नाही. काही गिऱ्हाईके गेली. काहींनी कारण विचारले आणि पाण्याचे फिनिश नेऊन पाहिले. तोटा झाला नाही, असे ते म्हणत नाहीत. एवढेच म्हणतात की प्रतिक्रमणात तो शब्द आला की आता जीभ अडखळत नाही.

सामान करून घेणाऱ्या प्रत्येक घराने पॉलिशवाल्याला चार प्रश्न अवश्य विचारावेत: यात लाख किंवा मेण आहे का? सांधे जोडायला जनावरांचा सरस वापरणार का? फवारणी करणाऱ्याला मास्क व मोकळी हवा मिळेल का? आणि हा रंग खरोखर हवा आहे का? चेरीचे कपाट घेतले असेल, तर पहिले काही महिने त्यावर कोणतीही वस्तू एकाच जागी ठेवू नये, नाहीतर तिच्याखाली फिकट ठसा राहतो. प्रकाश सगळीकडे सारखा पडू द्यावा आणि वाट पाहावी. घाईने चढविलेल्या रंगापेक्षा सावकाश आलेला रंग अधिक खरा असतो. व्रतांचेही तसेच आहे.