लाल पाटी

सोमवारची रिव्ह्यू मीटिंग रंगात आलेली आणि अण्णांचा तिसरा मिस्ड कॉल! बाहेर येऊन फोन लावला.

"अरे, कॅमेरा उघडत नाही. लाल पाटी येतेय. कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते."

"अण्णा, 'अ‍ॅडव्हान्स्ड'वर दाबा. मग खाली 'पुढे जा, असुरक्षित' असं येईल..."

"असुरक्षित लिहिलंय आणि दाबू? तूच सांगितलंस ना, फोनवरून कुणी काही दाबायला सांगितलं तर दाबायचं नाही?"

बोलती बंद! डिजिटल अरेस्टच्या बातम्या वाचून हे लेक्चर मीच झोडलं होतं. वर म्हणाले, "तू तूच आहेस कशावरून?"

लोच्या साधा होता. साताऱ्यात शाहूपुरीतल्या घरात कपाटावर कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. आई गेल्यावर अण्णा एकटे, म्हणून मीच बसवला. त्या डब्याने आपलं सर्टिफिकेट आपणच बनवलेलं, म्हणजे स्वतःच्या दाखल्यावर स्वतःचीच सही. अण्णांच्या लॅपटॉपला मी 'हा आपला माणूस' असं सांगून ठेवलं होतं. दाखल्याची मुदत संपली आणि ब्राउझरने आपल्याच घरातल्या, चार फुटांवरच्या डब्याला चोर ठरवलं!

मग बाहेरून रीतसर सर्टिफिकेट का घेत नाही? मिळतच नाही, बॉस. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता तुमच्याही घरात असतो, माझ्याही. तो नक्की कुणाचा, याची खात्री कोण देणार? इंटरनेटवरच्या साइट्सचे दाखले तर आणखी अल्पायुषी होताहेत. २०२० पासून कमाल ३९८ दिवस, १५ मार्च २०२६ पासून २००, आणि २०२९ मध्ये फक्त ४७. बँकेच्या साइटसाठी हे उत्तमच. तिथे कॉम्प्युटर दाखला आपोआप बदलून घेतात. कपाटावरच्या डब्याचं कोण बघणार? एकच लाल पाटी खऱ्या चोरालाही आणि मुदत संपलेल्या डब्यालाही, हे मला काही पटत नाही. अण्णांनी फरक ओळखायचा कसा?

शनिवारी पहाटे निघालो. खंबाटकी ओलांडून नऊला घरी. रेकॉर्डर थेट टीव्हीला जोडला, तिथे ब्राउझरची कटकट नाही. आधी त्याची तारीख-वेळ तपासली, कारण घड्याळ चुकलं तर नवा दाखलाही चुकतो. मग नवीन सर्टिफिकेट बनवलं, लॅपटॉपला पुन्हा ओळख करून दिली. वीस मिनिटांचं काम.

"बघायचं काय होतं पण?"

अण्णा जरा थांबले. "सोमवारी सकाळी गेट सताड उघडं होतं. मी रात्री लावलं होतं. म्हणजे, मला तसं वाटतंय."

रविवारची रात्र लावली. अकराला अण्णा बॅटरी घेऊन आले, कडी घातली, दोनदा ओढून पाहिली. अण्णांचा चेहरा खुलला. "बघ! म्हटलं नव्हतं?"

मी पुढे पळवत राहिलो. पावणेतीनला दार उघडलं. पुन्हा अण्णाच. अनवाणी. गेट उघडून रस्त्यावर गेले, अजिंक्यताऱ्याच्या दिशेला तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मग आत आले. गेट तसंच.

चहा निवत होता.

"या डब्याची तारीख बरोबर आहे ना रे?"

मघाशी मीच तपासली होती. "बरोबर आहे, अण्णा."

"परत लाव बघू," म्हणाले आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली.