सुर्खाबचे पर

जानेवारीतली गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा तिची सायकल ढकलत शाळेत आले. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळते, तीच ही सायकल. भिंतीला टेकवून म्हणाले, "बाजी, ये वापस ले लो. अब वो नहीं आएगी."

मी नेहमीचे सगळे बोलले. इल्मचे महत्त्व सांगितले, मुलगी हुशार आहे म्हटले, दहावी एका वर्षावर आली म्हटले. त्यांनी खाली मान घालून ऐकले आणि एवढेच विचारले, "बाजी, उस रस्ते से आप अकेली जाएँगी क्या?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांचे गाव झरीपासून दूर, पैनगंगेच्या बाजूला. आधी तिघी मुली सोबत येत. एकीचे घर कामासाठी आदिलाबादला गेले, दुसरी वसतिगृहात गेली. ही एकटी पडली. मधे जंगलाचा एक तुकडा आहे. भीतीही खोटी नव्हती. टिपेश्वर अभयारण्य आमच्या शेजारच्याच तालुक्यात, आणि वाघाला तालुक्याची शीव कळत नाही. टिपेश्वरचाच एक तरुण वाघ 2019 मध्ये चालत चालत बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसे गेल्यानंतर 2 नोव्हेंबर 2018 ला एका वाघिणीला गोळी घातली गेली, ते दिवस इथे कोणीच विसरलेले नाही.

त्या रविवारी फजरनंतर मी तीच सायकल काढली. बी.एड.च्या दिवसांनंतर सायकलला हात लावला नव्हता. आमचे हे म्हणाले, "मोटारसायकलवर मागून येतो." मी नको म्हटले. ती मुलगी रोज मागून कोणाला आणणार? पिशवीत पराठे, लोणचे, पाण्याची बाटली आणि शाळेच्या कपाटातले पक्ष्यांचे पुस्तक घेतले. मरहूम अम्मी असती तर नक्की म्हणाली असती, "तुझे क्या सुर्खाब के पर लगे हैं?" लहानपणी चार मुलींपेक्षा वेगळे काही मागितले की हे वाक्य ठरलेले. हा सुर्खाब कसा असतो, हे मात्र ना तिने सांगितले, ना मी विचारले.

पहिली काही मिनिटे हँडल सरळ धरता येईना. मग जमले. दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी सुरू होती, तूर सोंगणीला आली होती. बांधावर डोक्यावर तुरा उभारून एक हुदहुद माती टोकरत होता. सुलैमान अलैहिस्सलामांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा पक्षी मी मुलांना कितीदा शिकवला असेल, पण त्याला असा थांबून कधी पाहिला नव्हता.

जंगल लागले तिथेच साखळी उतरली. हात काळे झाले, साखळी बसेना. पाचोळा वाजला आणि माझा श्वास अडकला. दोन रोही रस्ता ओलांडून गेले, बाकी काही नव्हते. तरी पाय थरथरत राहिले. गुरे घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी साखळी बसवून दिली. म्हणाले, "पोरी, सकाळी या टायमाला मी रोज असतो. माणसंही असतात. संध्याकाळी मात्र एकटीनं येऊ नको."

गावापुढे तलाव आहे. गहू-हरभऱ्याला पाणी सुटते तसतसा हिवाळ्यात तो आटत जातो आणि काठचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, गोगलगायी, पाणवनस्पतींची मुळे असतात. पक्ष्यांसाठी जणू दस्तरखानच! बेशरमाच्या झुडपांआड बसून मी पराठे खाल्ले. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चालत होते. काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे वारकरी थव्याने पोहत होते. टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येत होती. एकाच पाण्यावर सगळ्यांचा रिज्क, आणि प्रत्येकाची चोच वेगळी, म्हणून भांडण नाही.

तिथून नदीवर गेले. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणा. मधल्या वाळूवर दोन मोठी बदके बसली होती, पिकल्या संत्र्यासारखी. डोके फिके, शेपटी काळी. मी चार पावले पुढे गेले तशी ती "आँग, आँग" ओरडत उडाली आणि पंखांवरचा पांढरा भाग चमकला. थोडे पुढे जाऊन जोडीनेच उतरली. पुस्तक उघडले. मराठी नाव चक्रवाक, हिंदी-उर्दू नाव सुर्खाब!

मी कितीतरी वेळ वाळूत बसून राहिले. मराठीच्या तासाला रात्री जोडीदारापासून ताटातूट होणारा चक्रवाक शिकवला, उर्दूच्या तासाला सुर्खाबचा मुहावरा शिकवला. दोन्ही एकच, हे वीस वर्षे शिकवूनही मला ठाऊक नव्हते. मुंबईच्या डॉ. सलीम अलींनी 1941 मध्ये आपल्या पुस्तकातून भारतातले पक्षी सामान्य माणसाच्या हातात दिले. तो पक्षी माझ्या शाळेच्या वाटेवर होता, मीच त्या वाटेने गेले नव्हते. लडाख, तिबेट, मध्य आशियात घरटे करणारा हा पक्षी साडेसहा हजार मीटरहून जास्त उंचीवरून हिमालय ओलांडतो, असे उपग्रहाच्या मदतीने केलेल्या अभ्यासात दिसले आहे. तेव्हा कुठे त्याला पैनगंगेची वाळू मिळते.

जुहर नदीकाठीच अदा केली. परतताना मुद्दाम थांबून निघाले, ती मुलगी ज्या वेळी घरी जाते त्या वेळी जंगलात पोचेन अशी. सूर्य झाडांखाली गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. मी आयतुल कुर्सी पढत पाय मारत होते. तेव्हा लक्षात आले: शाळा पाचला सुटते, पण ती पाचला निघत नाही. पाचनंतर नववीचा जादा तास असतो. तो जादा तास माझाच होता. मुलांचे मराठी सुधारावे म्हणून मी हौसेने सुरू केलेला. ती अंधारात घरी जात होती, ती माझ्यामुळे.

सोमवारी मुख्याध्यापकांशी बोलून तो तास सकाळी घेतला, आणि लांबच्या मुलींना शेवटच्या तासिकेआधी सोडायचे ठरले. मग सायकल घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या अब्बांना म्हटले, "भाई, मी एकटी जाऊन आले. संध्याकाळी फार घाबरले. तुमचे बरोबर होते." ते काही बोलले नाहीत. सायकलच्या चाकाला लागलेल्या चिखलाकडे बघत राहिले. मग मी बदललेली वेळ सांगितली, सकाळी वाटेत गुरे घेऊन असणाऱ्या बाबांचेही सांगितले.

गुरुवारी ती वर्गात होती. तूर निघेपर्यंत संध्याकाळी अब्बा जंगलापर्यंत घ्यायला येतात, म्हणाली. पुढचे पुढे, इन्शाअल्लाह.

नदीवरच्या जोडीचे मी वर्गात सांगितले, तेव्हा तिने हात वर केला. "बाजी, वो तो हर साल आते हैं. हमारे यहाँ सबको मालूम है."